घरची यादवी आणि परके शिपाई

काही वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच उघडला होता तेव्हा, आम्ही चार-सहा जण धोडपच्या किल्ल्यावर गेलो होतो. नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या श्रोत्यांना धोडप काय सांगावा! माथ्यावर उभी कातळभिंत आणि तिच्यात पडलेली ती खाच, लांबूनच ओळखू येते. उतरताना पायथ्याच्या हट्टी गावात चहा घ्यायला थांबलो. एक म्हातारेबुवा शेजारी येऊन बसले. विचारू लागले, "गुरुजी, हितं मोठी लढाई झाली म्हनत्यात, ती कोनाची?"

मी म्हटले, "पुण्याच्या पेशव्यांची."

"आन् पल्याड कोन व्हतं?"

"पलीकडेही पेशवेच."

बुवा हसले. "म्हंजी भाऊबंदकी म्हना की!" मग जरा वेळ थांबून त्यांनी जे विचारले, ते माझ्या डोक्यातून आजवर गेलेले नाही. ते म्हणाले, "पर भाऊबंदकीत लढाया मानूस कुठून मिळायचं? गावातलं गडी म्हनावं, तर दोन्हीकडं सोयरंच की."

इतिहासाच्या पुस्तकात या लढाईला दोन ओळी असतात. १७६८ सालच्या जून महिन्याच्या १० तारखेला थोरल्या माधवरावांनी आपले चुलते रघुनाथराव यांचा धोडपला पराभव केला, त्यांना कैद करून पुण्याला शनिवारवाड्यात नेऊन ठेवले. संपले. आम्ही शिकवतो, मुले पाठ करतात. पण त्या बुवांचा प्रश्न खरा इतिहासाचा प्रश्न आहे. घरातल्या घरात जेव्हा लढाई जुंपते तेव्हा मालकाला आपल्याच माणसांचा भरवसा वाटेनासा होतो. शिलेदाराचा एक भाऊ या बाजूला, मेहुणा त्या बाजूला. मैदानात उभे राहिल्यावर तो तलवार किती जोराने चालवील, कोणी सांगावे? अशा वेळी नजर जाते ती ज्याला इथे ना आप्त ना सोयरा अशा माणसाकडे. आज मी बोलणार आहे तो अशा माणसांविषयी. लांबून पोटासाठी आलेले आणि आपल्या घरच्या यादवीत लढलेले शिपाई.

आधी मराठ्यांचा स्वतःचा शिपाई कसा होता ते पाहू. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, मुलूखगिरीला जावे, मृगाच्या आत घरी परतून औत धरावे, असा त्यांचा वर्षाचा फेरा. मोहिमेआधी नालबंदीची रक्कम उचल म्हणून मिळायची, बाकीचा हिशेब मागून. तो कधी पुरा व्हायचा, कधी नाही. पण शिलेदाराच्या घरी शेत होते, वतन होते. पगार वर्षभर थकला तरी त्याची चूल बंद पडत नव्हती.

गारद्याचे तसे नव्हते. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘गार्द’ म्हणजे पहारा या शब्दावरून आला असे मानतात. (आपण बाजारात म्हणतो ती ‘गर्दी’ वेगळी, ती फारसीतून आली, कानाला दोन्ही सारखे लागतात म्हणून मुद्दाम सांगितले.) १७५० नंतर निजामाच्या दरबारी बुसी नावाचा फ्रेंच सेनापती बसला. त्याने बंदूक घेऊन ओळीने उभे राहणारे, हुकुमाबरोबर बार काढणारे कवायती पायदळ तयार केले. त्याच्या तोफांची आणि बंदुकांची चव नानासाहेब पेशव्यांच्या घोडदळाने १७५१ च्या मोहिमेत घेतली, आणि मग आपल्याकडेही तशी फौज असावी असे पुण्याला वाटू लागले. या पलटणींत कोण होते? तेलंगे होते, उत्तर हिंदुस्थानातले पुरभय्ये होते, पठाण होते, हबशी होते, अरबस्तानातून समुद्र ओलांडून आलेले अरब होते. घर शेकडो कोस लांब. इथे वतन नाही, शेत नाही, पावसाळ्यात परत जायला गाव नाही. बारा महिने छावणीत राहायचे आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, एवढाच त्यांचा आणि धन्याचा संबंध. त्यात पगार चुकला की त्या माणसाने खायचे काय? सावकार त्याला उधार देईल तर कशाच्या भरवशावर? पुढच्या सगळ्या कथेची किल्ली इथे आहे, म्हणून जरा रेंगाळलो.

शाळेतल्या शिक्षक मित्रांना माझे एक सांगणे आहे. ‘गारदी’ म्हटले की वर्गात मुलांच्या डोळ्यांसमोर काय येते? शनिवारवाडा, नंग्या तलवारी आणि "काका, मला वाचवा" ही हाक. म्हणजे दगाबाज, खुनी. मुलांना हे सांगण्याआधी पानिपतचा इब्राहिमखान सांगा. हाही गारदीच. बुसीच्या हाताखाली तयार झालेला, निजामाची नोकरी सोडून भाऊसाहेबांकडे आलेला. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठ्यांच्या डाव्या बाजूला त्याच्या पलटणी उभ्या होत्या. समोर रोहिले. लढाईच्या पहिल्या प्रहरांत सगळ्यांत कडवी झुंज त्या बाजूला झाली आणि इब्राहिमखानाची बहुतेक फौज तिथेच कापली गेली. तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा त्याचा प्राण घेण्यात आला. काशीराज पंडित या लढाईच्या वेळी पलीकडच्या गोटात होता. त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीत एक प्रसंग आहे. लढाईला तोंड लागण्याआधी इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे घोडा दौडवीत गेला आणि त्याने म्हटले की, मी माझ्या माणसांच्या पगारासाठी दरमहा तगादा लावतो म्हणून आपण रागावत होता. तो पगार फुकट गेला नाही हे आज दिसेल.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पगार मागणे आणि निष्ठा यांत त्या माणसाला काही विरोध दिसत नव्हता. विरोध आपल्याला दिसतो, कारण आपण शिलेदाराच्या डोळ्यांनी पाहतो.

पानिपतनंतर पाच महिन्यांत नानासाहेब वारले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले आणि कारभार आपल्या हाती असावा असे रघुनाथरावांना, म्हणजे राघोबादादांना, वाटू लागले. भाऊबंदकीची सुरुवात इथली. १७६२ च्या पावसाळ्यात दादासाहेब रुसून पुण्याबाहेर पडले, आणि पुतण्याशी लढण्यासाठी त्यांनी मदत कोणाची घेतली? निजामाची! ज्याच्याशी बापाने, आजाने आयुष्यभर झुंज घेतली, त्याची. नोव्हेंबरात घोडनदीच्या काठी आणि मग आळेगावला चकमकी झाल्या. माधवरावांनी पाहिले की हे असेच चालले तर दोघांचाही नाश आहे. ते आपण होऊन चुलत्याच्या गोटात गेले आणि स्वाधीन झाले. वय किती, तर सतरा! पुढे सहा वर्षांनी धोडप झाले. या वेळी दादासाहेबांच्या पाठीशी दमाजी गायकवाडाने धाडलेली फौज होती, होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत होता. नागपूरकर जानोजी भोसल्यांचीही आशा होती. भोसले येऊन मिळण्याआधीच माधवरावांनी झडप घातली. घाईने जमवलेल्या फौजेचा धीर सुटला. धोडपच्या लढाईचे वर्णन मोठे करण्यासारखे नाही. दादासाहेब किल्ल्यात शिरले आणि मग खाली उतरून पुतण्याच्या हवाली झाले.

नाशिककरांनी आनंदवल्लीला जाऊन यावे. शहराला अगदी लागून, गोदावरीच्या काठी. मूळ नाव चावंडस. राघोबांनी तिथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून ‘आनंदवल्ली’ केले. तिथल्या नवशा गणपतीला आजही लोक जातात. त्या घाटावर बसले की वाटते, एवढी शांत जागा, नदी, देऊळ, वाडा हे सगळे असताना या माणसाला आणखी काय हवे होते? पण राज्याचा लोभ हा आपल्या हिशेबाने चालत नाही.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, चुलते शनिवारवाड्यातच नजरकैदेत. आणि पुढच्या वर्षी भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ ला, वाड्यात गणपती बसलेला असताना दुपारी गारदी आत घुसले.

‘ध’ चा ‘मा’ झाला ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. नारायणरावांना धरावे असा हुकूम होता, अक्षर बदलून मारावे असे केले. ही गोष्ट आपण इतक्या चवीने सांगतो की तिच्या मागची साधी गोष्ट नजरेआड होते. गारद्यांचा पगार थकलेला होता. हे कारस्थान रचणाऱ्यांनी नेमकी तीच दुखरी जागा हेरली. लाखांचा ऐवज देऊ, किल्ले देऊ असे ठरले. पगार मागायला आलो, या निमित्तानेच ते वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या खोलीत शिरले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्यांना तोडले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला, तोही त्यांच्याबरोबर मेला. वाड्यात आणखीही काही माणसे मारली गेली, त्यांत दासी होत्या, एक गायही होती.

कट करणाऱ्यांची नावे पाहा. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ हे गारद्यांचे सरदार. आणि त्यांच्याबरोबर तुळाजी पवार, राघोबांचा खास माणूस. दोन हिंदू उत्तरेकडचे, एक मुसलमान, एक इथलाच मराठा. गारदी म्हणजे अमुक धर्माचा असे वर्गात कोणी म्हणाले, तर ही चार नावे फळ्यावर लिहावीत. आणि ज्याच्या अक्षराचा हुकूम होता तो तर पेशव्यांच्याच घरातला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा शिपायांपाशी न थांबता त्यांनी थेट राघोबांना दोषी ठरवले. न्यायाधीशाला दिसले ते आपल्या गोष्टीवेल्हाळ मनाला मात्र दिसत नाही. आपण गारद्याला शिव्या देतो, आनंदीबाईला शिव्या देतो आणि मोकळे होतो.

खुनानंतर काय झाले हे अधिक शिकण्यासारखे आहे. दादासाहेब पेशवे झाले खरे, पण वाड्यावर पहारा गारद्यांचा. कबूल केलेला पैसा मागायला तेच दारात. ज्यांच्या जोरावर गादी मिळवली त्यांचाच धाक. इकडे नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे वगैरे बारभाईंनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर सुखरूप ठेवले. तिला १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. त्याआधीच मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दोन्ही बाजूंची गाठ पडली होती. राघोबा जिंकले, त्र्यंबकराव पेठे जखमी होऊन त्यातच वारले. पण जिंकून उपयोग नव्हता. देशातले सरदार एकेक करून बाळराजाच्या बाजूला गेले. राघोबा उत्तरेकडे, मग गुजरातेत पळाले.

आता दादासाहेबांपुढे तोच हट्टीच्या बुवांचा प्रश्न उभा राहिला. लढायला माणूस कुठून आणायचा? आणि त्यांनी आणखी एक परका शिपाई भाड्याने घेतला. या खेपेला तो एखाद्या जमादाराकडून घेतलेला नव्हता. मुंबईला बसलेल्या एका व्यापारी कंपनीकडून घेतलेला होता.

६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह हा नीट वाचला तर एक चाकरीचा करारच आहे. कंपनीने अडीच हजार माणसे द्यायची, त्यांत निदान सातशे गोरे. राघोबांनी त्यांच्या खर्चासाठी महिना दीड लाख रुपये द्यायचे. हमी म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर गहाण. इथपर्यंत तर सुमेरसिंगाच्या करारात आणि यात काही फरक नाही. फरक पुढे आहे. कंपनीने वर साष्टी मागितली, वसई मागितली. साष्टीतले ठाणे तर तहाच्या आधीच, १७७४ च्या अखेरीस, तिने घेऊन टाकले होते. गारदी पगार मागत होता. तो मिळाला असता तर बंदूक खांद्यावर टाकून दुसऱ्या धन्याकडे गेला असता. कंपनी जमीन मागत होती, आणि जमीन मागणारा चाकर घरातून जात नसतो.

पुढे सात वर्षे युद्ध चालले. अडास, वडगाव, सालबाई हा इतिहास आपण शाळेत वाचलेला आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादासाहेबांना वर्षासन मिळाले, ते कोपरगावला येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. आनंदीबाईंना पुढे आनंदवल्लीच्याच वाड्यात ठेवण्यात आले, तिथेच त्या १७९४ साली वारल्या. महंमद इसफ आणि खरकसिंग पकडले गेले, त्यांना देहान्त शासन झाले.

यातून शहाणपण आले का? नाही. १८०२ मध्ये दिवाळीच्या दिवसांत, २५ ऑक्टोबरला, पुण्याच्या वेशीवर हडपसरला यशवंतराव होळकर एका बाजूला आणि दौलतराव शिंदे व दुसरे बाजीराव यांच्या फौजा दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, तेव्हा दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर गोरे अंमलदार होते. शिंद्यांकडचा डॉज तिथे पडला, होळकरांकडचा हार्डिंग तिथे पडला. एका गोऱ्याने दुसऱ्या गोऱ्याला मारायचे, मराठ्यांच्या भांडणासाठी, पुण्याच्या रानात! आणि बाजीराव पळाले ते वसईला. तिथे ३१ डिसेंबरला त्यांनी जो तह केला, त्याने तैनाती फौज म्हणजे कंपनीचे शिपाई कायमचे पेशव्यांच्या घरात आले. बापाने भाड्याने आणले, मुलाने बिऱ्हाडच दिले.

त्याच महिन्यात बडोद्यालाही हाच खेळ चालू होता. तिथे गायकवाडांच्या घरात भाऊबंदकी, आणि शहर अरब शिपायांच्या ताब्यात. बडोद्याचे अरब जमादार नुसते शिपाई नव्हते. राजाने कोणाला काही कबूल केले, तर त्या शब्दाला जामीन अरब जमादार राहायचा. ‘बहांदरी’ म्हणत तिला. राजाच्या शब्दापेक्षा परक्या शिपायाच्या शब्दाला बाजारात अधिक पत होती, याहून राज्याची दशा ती काय सांगायची? शेवटी मेजर वॉकर कंपनीची फौज घेऊन आला, वेढा घालून त्याने अरबांना बाहेर काढले. पण ते काढताना त्यांची थकलेली तलब चुकती करण्याचे कबूल करावे लागले. आणि अरबांच्या जागी जामीन कोण झाले? कंपनी.

हे अरब कोण होते? बहुतेक अरबस्तानाच्या दक्षिणेकडच्या हद्रमौतचे. रखरखीत मुलूख, पोट भरत नाही, म्हणून माणसे जहाजाने सुरतेला, मुंबईला उतरायची आणि हैदराबाद, नागपूर, बडोदे, खानदेश अशी पसरायची. देशी शिपायाहून त्यांना पगार बराच जास्त मिळे, कारण गढीच्या भिंतीआड बसून लढण्यात त्यांच्या तोडीचा कोणी नाही अशी ख्याती होती. काही परत गेले, पुष्कळांनी इथेच घर केले. हैदराबादेत इथल्या आईच्या पोटी जन्मलेल्या अरबांना ‘मुवल्लद’ म्हणत.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. मोसम नदीच्या काठी मालेगावचा भुईकोट आहे. तो बांधला नारोशंकर राजेबहाद्दरांनी. नाशिकच्या पंचवटीतले नारोशंकराचे देऊळ आणि त्याची ती प्रसिद्ध घंटा, तेच हे. त्यांच्या वंशातले गोपाळराव राजेबहाद्दर १८१८ च्या सुमारास मालेगावचे धनी होते, पण किल्ला बाजीरावांचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्या माणसांनी बळकावला होता. पुन्हा घरचेच भांडण, पेशव्यांच्या एका चाकराचे दुसऱ्याशी. गोपाळरावांनी अरब ठेवले आणि किल्ला परत घेतला. घेतला खरा, पण लगेच त्यांच्या ध्यानात आले की आपण स्वतःच त्या अरबांचे कैदी आहोत! शनिवारवाड्यात राघोबांचे जे झाले ते मोसमकाठी राजेबहाद्दरांचे झाले. अरबांनी गावातल्या जुन्या हिंदुस्थानी शिपायांशी आणि विणकर मोमिनांशी संधान बांधले, आसपास वसुली सुरू केली, आणि आम्ही पेशव्यांसाठी लढणार असे जाहीर केले.

तोवर पेशवाईचा निकाल लागत आला होता. कर्नल मॅक्डॉवेलने एप्रिलात अंकाई घेतली, राजदेहेर घेतला, त्र्यंबकही घेतला. डोंगरावरचे हे बेलाग किल्ले दोन-तीन दिवसांत पडत गेले. आपलेच शिपाई होते त्यांत बहुतेक. त्यांना खाली आपले गाव, आपले शेत दिसत होते. मे महिन्याच्या मध्याला मॅक्डॉवेल मालेगावला आला. किल्ला सपाट जमिनीवरचा, आत साडेतीनशेच्या आसपास अरब. दोन दिवसांत आटोपेल असे कोणालाही वाटले असते.

तो महिनाभर चालला. पहिल्याच रात्री अरब बाहेर पडून खंदक खणणाऱ्यांवर तुटून पडले, त्यात इंग्रजांचा इंजिनियर मारला गेला. २९ मे ला तटाला खिंडार पाडून केलेला हल्ला फसला, खिंडाराच्या तोंडावरच अंमलदार पडले. वेढ्यात इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेहून अधिक झाले. गुजरातेकडून कुमक मागवावी लागली.

आणि आता तारखा पाहा. ३ जून १८१८ ला खुद्द बाजीराव पेशवे असीरगडाजवळ माल्कमला शरण गेले. वर्षाला आठ लाखांचे वेतन ठरवून घेऊन गेले. त्यानंतर दहा दिवस मालेगावात पेशव्यांच्या नावाने लढाई चालूच होती. धनी गेला, चाकर लढतोय! म्हणून एकनिष्ठेचा पोवाडा गायला मोह होईल. पण थांबा. त्याच जून महिन्यात बाजीरावांच्या छावणीत त्यांचे स्वतःचे अरब काय करीत होते? थकलेल्या पगारासाठी त्यांनी पेशव्यांच्या तंबूला गराडा घातला होता. माल्कमने मध्ये पडून ते प्रकरण मिटवले. एकाच मुलखातून आलेली, एकाच धन्याची माणसे. एका जागी त्याच्यासाठी मरत होती आणि दुसऱ्या जागी त्याचा गळा धरून बसली होती. मला वाटते दोन्ही ठिकाणी ती तीच माणसे होती. पानिपतच्या सकाळी इब्राहिमखान जे बोलला, त्याच मापाची.

११ जूनला तोफेचा गोळा पडून मालेगावच्या किल्ल्यातला दारूखाना उडाला, आतल्या तटाचा मोठा भाग ढासळला. अरबांनी बोलणे लावले. विनाशर्त या, असे उत्तर गेले. पण त्यांना हमी हवी होती, आणि तोंडी चालणार नव्हती, लेखी हवी होती. तीन महिन्यांपूर्वी तापीकाठी थाळनेरला काय झाले ते त्यांच्या कानांवर असणारच. तिथे शरण येण्याच्या गोंधळात चकमक उडाली, इंग्रज फौजेने आतली शिबंदी कापून काढली, त्यात अरबच पुष्कळ होते, आणि किल्लेदाराला फाशी दिले. म्हणून मालेगावच्या जमादारांनी कागद मागितला.

इंग्रज अंमलदाराच्या मनात होते एवढेच की, तुमचा जीव घेणार नाही असे लिहून द्यावे. तो कागद लिहिला मुन्शीने, मराठीत. आता मुन्शीची लेखणी ती! तुमचे बरे होईल ते करू, आजाऱ्या-जखमींची देखभाल करू, तुम्हाला खर्चाला देऊ, असे सगळे त्यात उतरले. कर्नलसाहेबाला आपण काय कबूल केले हे पुढे भाषांतर झाल्यावर कळले. प्रकरण एल्फिन्स्टनपर्यंत गेले. त्याने कागदाचा अरबांना अनुकूल अर्थच धरला. अरबस्तानातल्या शिपायाने इंग्रजाकडून मराठीत लिहून घेतलेले ते वचन होते.

१४ जूनला सकाळी आतल्या कोटाच्या बुरुजावर इंग्रजांचे निशाण चढले. अरब ओळीने बाहेर आले, इंग्रज फौजेसमोर उभे राहिले आणि त्यांनी हत्यारे खाली ठेवली. जमादारांजवळ जो कागद होता त्यात आणखी एक कलम होते. त्यांच्या बाकी राहिलेल्या पगाराबद्दल पत्रे लिहिली जातील, असे ते कलम होते.